दंडाची पावती



तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुन्यांच्या वह्या असतात. त्यांतला सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, आठ-अ बहुतेकांना, आणि नमुना सहा म्हणजे फेरफार हा घरात वाटण्यांची बोलणी सुरू झाली की कळतो. याच दप्तरात नमुना एक-ई नावाची एक वही असते. तिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. ती अतिक्रमणांची नोंदवही. सरकारी जमिनीत कोणी नांगर घातला, किती क्षेत्र धरले, कधीपासून धरले, त्यात काय पेरले आणि दंड किती बसला हे तिच्यात लिहायचे असते. या वहीत नाव चढणे ही खरे तर नामुष्की. तो माणूस सरकारच्या लेखी दुसऱ्याच्या जमिनीत घुसलेला असतो. त्याच्याकडून दंड वसूल होतो आणि त्याला पावती मिळते. मराठवाड्यातल्या मातंग आणि बौद्ध वस्त्यांमध्ये ही पावती लग्नपत्रिका आणि शाळेच्या दाखल्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली जाते. घडीवर विरलेली, शाई उडालेली, तलाठ्याची सही धड न लागणारी. दंड भरल्याचा कागद एवढा जपून ठेवणारी माणसे दुसरीकडे शोधावी लागतील. आपण वाहतूक पोलिसाची पावती गाडी सुरू व्हायच्या आत चुरगाळून टाकतो.

ती पावती जपायला शिकवणारा जो माणूस मराठवाड्यात होऊन गेला, त्याच्याविषयी मी आज बोलणार आहे. ॲड. एकनाथ आव्हाड. माणसे त्यांना ‘जिजा’ म्हणत. जन्म १९५६, बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावात. निधन २५ मे २०१५. मानवी हक्क अभियानाचे संस्थापक अशी त्यांची ओळख करून दिली जाते आणि ती बरोबरच आहे. पण ‘मानवी हक्क’ हे दोन शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय येते, काळा कोट येतो, कुठला तरी आयोग येतो. आव्हाडांच्या कामाने या समजुतीला धक्का दिला, असे माझे म्हणणे आहे. आपल्या भागात हक्काचा पहिला मुक्काम तलाठ्याची वही हा आहे, न्यायालय फार पुढचा; आणि ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही त्याच्यासाठी राज्यघटनेतले हक्क असून नसल्यासारखे आहेत. हे म्हणणे मी पुराव्यानिशी मांडणार आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, तेव्हा त्यांनाही टाळणार नाही.

आधी माणूस. आव्हाडांचे वडील पोतराज. अंगावर कोरडे ओढून घ्यायचे, पायांत घुंगरू, डोक्यावर वाढवलेल्या जटा, दारोदार मरीआईच्या नावाने मागायचे. मातंग जातीच्या वाट्याला आलेली कामे म्हणजे केकताडाचे दोर वळणे, शिंदोळीचे फडे बांधणे, लग्नात आणि मयतात हलगी वाजवणे. पोतराजाच्या जटा ही गावासाठी श्रद्धेची गोष्ट आणि त्या घरासाठी कायमची भीक. शिकत्या वयात आव्हाडांनी वडिलांच्या जटा कापल्या. हा प्रसंग पुष्कळदा बंडखोरीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात पुढच्या कामाचा आराखडा दिसतो. जटा असेपर्यंत गावात त्या माणसाची एकच नोंद असते, मागणाऱ्याची. ती आधी पुसायची आणि तिच्या जागी दुसरी करायची. पुढे दलित पँथरचा काळ आला, नामांतराचा काळ आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी जे पेटले ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. तेही मातंग समाजाचे. हिंदू मातंग आणि बौद्ध यांच्यातली दरी गावाच्या राजकारणाला सोयीची होती. ती मोडायची तर मातंगांनी ‘जय भीम’ म्हटले पाहिजे, हे आव्हाडांनी आयुष्यभर लावून धरले आणि २००६ मध्ये हजारोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याआधी ऐंशीच्या दशकात ते विवेक पंडितांबरोबर ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीचे काम करत होते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. पण वेठबिगार सोडवायचा तर आधी तो वेठबिगार आहे अशी नोंद तहसीलदाराने करावी लागते, आणि तहसीलदाराच्या दृष्टीने तालुक्यात वेठबिगार नसतोच. हा धडा घेऊन ते बीडला परतले. १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभे राहिले. आत्मचरित्राला त्यांनी अण्णा भाऊंच्या गीतातले शब्द दिले, ‘जग बदल घालुनी घाव’. नाव असे घणाघाती असले तरी त्या घावासाठी त्यांनी जे हत्यार निवडले ते मात्र कागद हे होते.

मानवी हक्कांची वकिली म्हणून जगभर जी ओळखली जाते तिचा एक नमुना नायजेरियात आहे. गानी फावेहिन्मी हे १९३८ ला जन्मलेले आणि २००९ ला वारलेले वकील. लष्करी हुकूमशहा एकामागून एक आले आणि त्यांतल्या अनेकांनी फावेहिन्मींना तुरुंगात घातले. ज्येष्ठ वकिलाची अधिकृत मानाची पदवी मिळायला २००१ साल उजाडले. त्याच्या कितीतरी आधी, १९८८ मध्ये, इफे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना ‘जनतेचा ज्येष्ठ वकील’ करून टाकले होते. केन सारो-विवा आणि त्यांच्या ओगोनी साथीदारांवर विशेष न्यायाधिकरणात खटला चालला तेव्हा बचावाची बाजू फावेहिन्मींकडे होती. हे न्यायदानाचे सोंग आहे अशी खात्री पटल्यावर ते निषेध करून बाहेर पडले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी सारो-विवांसह नऊ जणांना फाशी झाली. आपल्याकडे या घराण्यात सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे बसतात. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद मुदतीआधी सोडून ते दिल्लीत वकिली करायला गेले, आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना दार बंद केले. त्याच वर्षी जयप्रकाशांसोबत तारकुंड्यांनी नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी केली. दोघेही मोठी माणसे. पण दोघांच्याही लढाईत हक्क हिरावणारा कोण, हे स्पष्ट आहे: राज्य. गणवेशातले, शिक्कामोर्तबाचे, तुरुंगाच्या किल्ल्या कमरेला असलेले राज्य. मराठवाड्यातल्या गावात ही मांडणी पुरत नाही. इथे पाणवठ्यावरून हुसकणारा शेजारी असतो, पीक जाळणारा भावकीतला नाही तरी गावकीतला असतो. राज्य त्या जागी नसतेच. असलेच तर दुपारी तीनला बंद झालेल्या सज्जाच्या कुलपाच्या रूपात. म्हणून राज्याचा हात धरून थांबवणारा वकील आणि राज्याचा हात धरून त्याला वहीपर्यंत आणणारा वकील, असे दोन प्रकार करावे लागतात. आव्हाड दुसऱ्या प्रकारातले. पहिला थोर आणि दुसरा स्थानिक, अशी उतरंड लावण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून एक तपशील सांगतो. फावेहिन्मींनी १९८५ मध्ये नायजेरियातल्या निकालांचे साप्ताहिक सुरू केले, कारण निकाल छापलेच गेले नाहीत तर सत्ताधाऱ्याला त्याचाच कायदा दाखवायचा कसा? त्यांनाही कागदाचे मोल कळले होते. फक्त तिकडे निकाल छापायचा होता आणि इकडे नाव लिहून घ्यायचे होते.

आता गायरान. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ चा, पण इथल्या जमिनीचा इतिहास निजामी आहे. जहागिऱ्या, इनामे, देशमुखी असलेल्या या मुलखात दलितांच्या वाट्याला बलुते होते, जमीन नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना द्या, ही मागणी बाबासाहेबांच्या प्रेरणेने मराठवाड्यातूनच पुढे आली. नंतर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह केला. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखोंनी तुरुंग भरले. आपल्या सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत या सत्याग्रहाला दोन-चार ओळींच्या वर जागा मिळत नाही, हा माझ्या मते आपल्या इतिहासकारांचा आळस. सत्याग्रहांचा एक परिणाम असा की गावोगावच्या भूमिहीनांनी वाट पाहणे सोडले आणि गायरानात कुदळ घातली. गायरान म्हणजे गावातली सर्वांत वाईट जमीन. मुरूम, दगड, उतार. तिथे पहिले पीक दगडांचेच निघते. ते वेचून बांधाला लावायचे, त्यातून जो हातभर मातीचा थर उरेल त्यात बाजरी, मटकी, हुलगा. दोन-तीन पावसाळे गेले की गावाच्या लक्षात येते की इथे काही पिकू लागले आहे. मग तक्रार होते, तलाठी येतो, पंचनामा होतो, दंड बसतो.

इथे कायद्याने एक विलक्षण वळण घेतले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने असे ठरले की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावीत. बाबासाहेबांची जन्मशताब्दी होती, म्हणून चौदा एप्रिल. त्याआधीच्या कब्जांसाठी १९७८ चा निर्णय होताच. पण कब्जा १९९० च्या आधीचा होता हे सिद्ध कशाने करायचे? खरेदीखत नाही, वारसा नाही, सातबाऱ्यावर ‘सरकार’ लिहिलेले. मग उरले काय? नमुना एक-ई मधली नोंद, पीकपाहणीत कधी चुकून लिहिलेला पेरा, आणि दंडाची पावती. ज्या कागदाने तुम्हाला अपराधी ठरवले तोच कागद तुम्हाला धनी ठरवणार होता. गावातल्या ज्या माणसाने तक्रार करून दंड बसवला, त्यानेच नकळत त्या भूमिहीनाची साक्ष काढून ठेवली होती. आणि ज्याच्यावर तलाठ्याने दया दाखवली, ‘जाऊ दे, गरीब आहे’ म्हणून दंडच केला नाही, तो बिचारा बुडाला. दयेची पावती नसते.

आव्हाडांनी आणि अभियानाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जे केले ते वरवर पाहता कारकुनीचे काम आहे. अर्ज लिहायचे, पोच घ्यायची, पीकपाहणीला तलाठी यावा म्हणून निवेदन द्यायचे, तो आला नाही की तहसीलवर मोर्चा न्यायचा. मोर्चाची घोषणा आकाशातल्या क्रांतीची असली तरी निवेदनातली मागणी अशी असे: अमुक गट नंबरमध्ये अमुक जणांचा पेरा लावा. मराठवाडाभरात हजारो एकर गायरानाचा प्रश्न या पद्धतीने ऐरणीवर आला. पावतीचा आग्रह हा या कामाचा कणा. चळवळींचा इतिहास आपण भाषणांनी लिहितो. या चळवळीचा खरा इतिहास आवक-जावक रजिस्टरांत पडून आहे.

यावर पहिला आक्षेप कायदाप्रेमी माणसाचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. वकील म्हणवणाऱ्याने लोकांना सरकारी जमिनीत घुसायला सांगावे का? उद्या प्रत्येक जण कुदळ घेऊन निघाला तर? याचे पहिले उत्तर खुद्द महसूल संहितेत आहे. १९६६ च्या या कायद्याचे कलम ५० अतिक्रमण काढण्याचे अधिकार देते आणि त्याला खेटून असलेले कलम ५१ ते नियमित करण्याचे. एक हाकलायला, एक ठेवायला. हा कायद्यातला घोटाळा नाही. विधिमंडळाला ठाऊक होते की जमीन प्रत्यक्ष कसणारा आणि कागदावरचा मालक यांच्यातले अंतर कधी कधी कागदाने चालत येऊन मिटवावे लागते. दुसरे उत्तर जरा अडचणीचे आहे. दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर बारा वर्षे उघड, विनाखंड कब्जा ठेवणाऱ्याला मुदत कायदा मालकीचा दावा सांगू देतो. सरकारी जमिनीला हीच मुदत तीस वर्षांची आहे. गायरानाला हा नियम सरसकट लागू पडतो असे मी म्हणत नाही. पण प्रतिकूल कब्जा नावाचे हे तत्त्व ऐपतदार माणसाच्या वकिलाने मांडले की ते विद्वत्तापूर्ण ठरते आणि मांगवाड्यातल्या माणसाने तेच दगड वेचून मांडले की अराजक, हे कसे? बांध कोरून कोरून एकराचा सव्वा एकर करणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात, त्यांना आपण अतिक्रमणधारक म्हणत नाही. पाहुणे म्हणून जेवायला जातो.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला आहे. गायरान ही गावाची सामाईक मालमत्ता. गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, सरपणाची. ती वाटून टाकली तर गाव उघडे पडेल. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावचे तळे बुजवून घरे बांधणाऱ्यांना न्यायालयाने बाहेर काढले आणि सर्व राज्यांना सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याची योजना करायला सांगितले. महाराष्ट्रात १२ जुलै २०११ चा शासन निर्णय त्यातून आला आणि १९९१ च्या निर्णयाने उघडलेले दार जवळजवळ लोटले गेले. सामाईक जमिनींविषयी न्यायालयाची कळकळ मला पटते. गायरान गेले की पहिला फटका मेंढपाळाला आणि दोन शेळ्यांवर संसार रेटणाऱ्या विधवेला बसतो, बागायतदाराला नाही. चळवळीने या बाजूकडे पुरेसे पाहिले नाही, असेही मी म्हणेन. पण त्या निकालपत्रातले एक वाक्य महसूल खात्याला फारसे आठवत नाही. अतिक्रमण नियमित करण्याची मुभा अपवाद म्हणून ठेवताना न्यायालयाने उदाहरणे दिली आहेत: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल. म्हणजे तळे बुजवून घर बांधणारा दांडगा आणि मुरूम फोडून बाजरी पेरणारा भूमिहीन यांना एका मापाने मोजू नका, हे न्यायालयानेच सुचवले आहे. मुभा मात्र पट्टा मिळालेल्याला आहे, म्हणजे ज्याचा अर्ज तहसीलच्या कपाटात पडून राहिला तो पुन्हा बाहेर. नोंद नसण्याची शिक्षा इथे दुसऱ्यांदा होते.

शिवाय सामाईकपणाचा हा कळवळा कोणासाठी जागा होतो तेही पाहिले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा प्रश्न निघाला, नोटिसा गेल्या, गावेच्या गावे हादरली. सरकारला घरे पाडणार नाही असे सांगावे लागले. लगेच पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला आणि तिच्या प्रकल्पांसाठी गायरान जमिनी देण्यात आल्या. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यात वाद नाही. पण सौर पट्ट्यांखाली गेलेल्या गायरानात गाय चरत नाही, हेही खरे. सार्वजनिक हित म्हणून ते चालते. तेव्हा प्रश्न गायरान वाटायचे की नाही असा उरलेलाच नाही. कोणाला द्यायचे एवढाच आहे.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्री मंडळींचा. दोन एकर मुरमाड जमिनीत पिकते काय? चार क्विंटल बाजरीसाठी एवढा आटापिटा कशाला? त्यापेक्षा त्यांना शहरात रोजगार द्या. या आक्षेपात आकडे बरोबर आहेत, हिशेब चुकला आहे. मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि फिटली असे मुकादमाचा हिशेब सहसा म्हणत नाही. ज्या घरात पावसाळ्यातले चार महिने खायला स्वतःची बाजरी आहे, ते घर उचल कमी घेते. कमी उचल म्हणजे मुकादमाला ‘यंदा येत नाही’ म्हणायची थोडी जास्त सोय. ज्या घराला सरपण आणि चारा स्वतःच्या बांधावर मिळतो, त्या घरातल्या बाईला दुसऱ्याच्या बांधावर जाऊन शिव्या खाव्या लागत नाहीत. मयताला हलगी घेऊन या असा निरोप आला की ‘येत नाही’ म्हणता येते. जमिनीचे हे उत्पन्न क्विंटलमध्ये मोजता येत नाही. नकार देता येणे हे तिचे खरे पीक आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आव्हाडांच्या सगळ्या गायरान लढ्याचे मर्म त्यात आहे. वडिलांच्या जटा कापल्या तरी उद्याची भाकर कुठून येणार हा प्रश्न उरतोच. तो सुटला नाही तर जटा पुन्हा वाढतात.

पण हे पीक नुसत्या कब्जाने हाती लागत नाही. नाव लागते तेव्हाच. गेल्या काही वर्षांत तर सातबारा ही गावातली एकमेव ओळख होऊन बसली आहे. २०१९ पासूनचे पंतप्रधान किसान सन्मानाचे वर्षाचे सहा हजार रुपये, पीककर्ज, अतिवृष्टीचे अनुदान, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, सगळे त्या एका उताऱ्यावर. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला तेव्हा कागदाचे मोल काय असते ते या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पेरा नोंदवायचा, तलाठ्याची वाट पाहायला नको. सुधारणा चांगलीच आहे. पण ॲप उघडले की ते खातेदार निवडायला सांगते. गायरान कसणारा खातेदार नाही. पूर्वी तलाठी चिडून का होईना दंड लावत होता, पेरा लिहीत होता, पावती फाडत होता. ॲपला चिडता येत नाही. म्हणजे अपराधी म्हणून नोंद होण्याचीही जी सोय होती, ती आता राहिलेली नाही.

चौथा आक्षेप ॲट्रॉसिटी कायद्याचा, आणि मराठवाड्यात बोलताना तो टाळणे हा भित्रेपणा ठरेल. अभियानाने गावोगाव अत्याचाराच्या फिर्यादी नोंदवल्या. त्यांतल्या कित्येक टिकल्या नाहीत. म्हणजे त्या खोट्या होत्या, असे म्हटले जाते. दुरुपयोग मुळीच होत नाही असा दावा मी करणार नाही. कोणत्याही कायद्याबाबत तो करता येत नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेआधी चौकशीच्या अटी घातल्या होत्या. संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले. पण आपला मुद्दा वेगळा आहे. १९८९ च्या मूळ कायद्याच्या तिसऱ्या कलमातच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची जमीन बळकावणे, त्याला जमिनीवरून हुसकणे हे अत्याचार म्हणून लिहिलेले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जमीन आणि मारहाण यांचा संबंध माहीत होता. आता खटले पडतात कसे ते पाहा. साक्षीदार फितूर होतात. का होतात? कारण फिर्यादी ज्याच्या शेतात सालगडी आहे, त्याच्याच चुलत्याविरुद्ध त्याला साक्ष द्यायची असते. खटला चार-पाच वर्षे चालतो आणि पोट रोज चालवायचे असते. साक्षीदार फितूर झाला म्हणजे घटना घडली नाही, असे नव्हे. त्याची चूल कोणाच्या हाती आहे तेवढे त्यातून कळते. गायरानाचा तुकडा नावावर असलेला फिर्यादी साक्षीला टिकण्याची शक्यता अधिक असते. मानवी हक्क अभियानाने जमीन आणि अत्याचार ही दोन कामे एकाच छताखाली ठेवली, ती सोय म्हणून नव्हे. फौजदारी न्यायालयातली साक्ष महसुली नोंदीवर उभी असते, हे त्या माणसाला उमगले होते.

परदेशातून देणग्या घेतल्या, हा आणखी एक आक्षेप कानावर येतो. घेतल्या. ज्या चळवळीच्या सभासदांकडे वर्गणीपुरतेही पैसे नसतात तिच्यापुढे देणगीदार किंवा पुढारी असे दोनच दरवाजे असतात, आणि पुढाऱ्याच्या दारातून गेलेल्या चळवळींचे काय झाले ते मराठवाड्याने पाहिले आहे. देणगीदाराचा पैसा कामाला अहवालाच्या साच्यात घालतो, हा मात्र खरा तोटा.

मला जी उणीव मोठी वाटते ती वेगळीच, आणि ती माझ्याच मांडणीवर उलटते. नोंद हा हक्काचा पाया, असे म्हणत असताना त्या नोंदीत कोणाचे नाव चढले ते पाहायला हवे. गायरानातले दगड वेचले बायकांनी. मोर्चात पुढे बायका, मारहाणीत डोकी फुटली ती त्यांची; नवरा ऊसतोडीवर असताना हातात विळा घेऊन पीक राखले तेही त्यांनीच. दंड करायला तलाठी आला तेव्हा त्याने नाव विचारले आणि लिहून घेतले ते घरातल्या कर्त्या पुरुषाचे. पावती त्याच्या नावाची. जमीन नियमित झालीच तर भोगवटादार वर्ग दोन म्हणून सातबाऱ्यावर येणारे नावही साधारणपणे त्याचेच. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा ‘दिली की विकून खातील’ या नेहमीच्या शंकेला कायद्यातच आडकाठी आहे. पण घरातल्या घरात बाईच्या हाती काय उरले, याला त्या उताऱ्यात रकाना नाही.

आणि वर्षे भराभर जातात. १४ एप्रिल १९९० च्या आधी ज्याने विशीत गायरानात कुदळ घातली, तो आज पंचावन्नच्या पुढे आहे; जो तेव्हा चाळिशीत होता, त्याची मुले आता अर्ज घेऊन तहसीलला येतात. त्यांच्या हातात बापाच्या नावाची दंडाची पावती असते. मालकी जमिनीचा खातेदार वारला की वारसांचा फेरफार होतो, पंधरा दिवस नोटीस लागते, हरकत नसली तर नोंद मंजूर होते. इथे बापाचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नव्हते, तर फेरफार कशाचा करायचा? अतिक्रमण वारशाने कसे येईल, असे तलाठी विचारतो, आणि त्याच्या जागी त्याचा प्रश्न रास्त आहे. मुलगा पावती पुन्हा घडी करून पिशवीत ठेवतो. घडीच्या रेघेवर ती आता फाटत आली आहे, तारीख आहे नेमकी तिथेच.